इंग्रजी क्रियापदांची सोबत: अव्ययांच्या निवडीचा हजार वर्षांचा इतिहास

इंग्रजीत क्रियापदानंतर कोणते प्रिपोझिशन यायचे हे बहुतेक वेळा त्या क्रियापदाशी ठरलेले असते. ‘लिसन’नंतर ‘टू’, ‘वेट’नंतर ‘फॉर’, ‘डिपेंड’नंतर ‘ऑन’, ‘रॉब’नंतर ‘ऑव्ह’. ‘लुक’नंतर अर्थ बदलेल तसे ‘अ‍ॅट’, ‘फॉर’, ‘आफ्टर’ किंवा ‘इंटू’. उलट ‘हिअर’, ‘डिस्कस’, ‘मॅरी’, ‘रीच’ या क्रियापदांना काहीच लागत नाही. कर्म त्यांना थेट चिकटते. शाळेच्या व्याकरणात ही माहिती यादीच्या रूपात येते, आणि यादी म्हटली की ती पाठ करायची. यादीतल्या बहुतेक जोड्यांना कारण आहे, पण ते आजच्या इंग्रजीकडे पाहून कळत नाही. ते इंग्रजीच्या प्रत्यय गळण्याच्या काळात, फ्रेंच आणि लॅटिन शब्दांच्या आयातीत आणि अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांच्या आग्रहांत शोधावे लागते.

साधारण पाचव्या ते अकराव्या शतकापर्यंतची जुनी इंग्रजी ही विभक्तीची भाषा होती. मराठी वाचकाला तिची घडण आजच्या इंग्रजीपेक्षा ओळखीची वाटेल. नामाला प्रत्यय लागत, त्यांवरून कर्ता कोण, कर्म कोणते, वस्तू कोणाची आणि कोणाला दिली हे कळे. मराठी व्याकरणाच्या परिभाषेत सांगायचे तर प्रथमा, द्वितीया, षष्ठी आणि चतुर्थी या चार विभक्ती तिच्यात जिवंत होत्या आणि तृतीयेचे काही अवशेष उरले होते. कर्म कोणत्या विभक्तीत घ्यायचे हे क्रियापद सांगे. मदत करणे या अर्थाचे ‘हेल्पान’ बहुधा चतुर्थी मागे. उपभोग घेणे या अर्थाचे ‘ब्रूकान’ षष्ठी मागे. आभार मानण्याच्या ‘थान्कियान’ या क्रियापदाला दोन्ही लागत: ज्याचे आभार मानायचे तो चतुर्थीत आणि ज्या गोष्टीबद्दल मानायचे ती षष्ठीत. मराठीतही माणूस सापाला भितो, मुलावर रागावतो, पावसाची वाट पाहतो आणि शेजाऱ्याशी भांडतो. या चार वाक्यांत ‘ला’, ‘वर’, ‘ची’ आणि ‘शी’ का आले, हे मराठी बोलणाऱ्याला कधी कोणी शिकवलेले नसते. जुन्या इंग्रजीच्या भाषकाचीही हीच स्थिती होती.

प्रिपोझिशने तेव्हाही होती, पण त्यांच्यावर भार कमी होता. स्थळ, काळ, दिशा दाखवण्याचे काम ती करत आणि त्यांच्यापुढच्या नामालाही विभक्तीचा प्रत्यय लागेच. एकच अव्यय द्वितीयेबरोबर आले तर गती दाखवी आणि चतुर्थीबरोबर आले तर स्थिती. अर्थाचा अर्धा भाग अशा रीतीने प्रत्ययात असे.

हे प्रत्यय गळाले कसे, यावर भाषाशास्त्रज्ञांनी भरपूर लिहिले आहे आणि कारण एकच नाही. जर्मानिक भाषांत आघात शब्दाच्या आरंभी पडतो, त्यामुळे शेवटची अक्षरे मुळातच दुबळी होती. वेगवेगळ्या प्रत्ययांतले स्वर हळूहळू एकाच अस्पष्ट स्वरात विरून गेले. त्यात नवव्या शतकापासून उत्तर आणि पूर्व इंग्लंडमध्ये डेन्मार्क-नॉर्वेकडचे लोक स्थायिक झाले. त्यांच्या भाषेतले धातू इंग्रजीच्या धातूंशी पुष्कळ जुळत, प्रत्यय जुळत नसत. दोन शेजारी एकमेकांशी बोलताना धातू ठेवून प्रत्यय सैल सोडत गेले असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात. प्रत्यय उत्तरेकडे आधी आणि दक्षिणेकडे नंतर गळाले ही गोष्ट या मताला बळ देते. पुढे 1066 मध्ये नॉर्मन सत्ता आली, दरबार आणि न्यायालय फ्रेंच झाले, आणि लिखित इंग्रजीला एका प्रमाणरूपात धरून ठेवणारी व्यवस्था मोडली. पीटरबरोच्या मठात लिहिली गेलेली बखर 1154 पर्यंत चालू राहिली. तिच्या शेवटच्या वर्षांतल्या नोंदी पूर्वीच्या नोंदींशेजारी ठेवल्या की नामांचे प्रत्यय बहुतांशी नाहीसे झालेले स्पष्ट दिसतात. भाषा एवढ्या झपाट्याने आपली हाडे बदलते आणि तो बदल एकाच बखरीत पाहायला मिळतो, हे भाषेच्या इतिहासात क्वचितच घडते.

प्रत्यय गेल्यावर क्रियापदापुढे दोन वाटा उरल्या. पहिली वाट म्हणजे कर्म प्रत्ययाविना, उघडेच घेणे. ‘हेल्प’ने ही वाट धरली. पूर्वी चतुर्थी मागणारे ‘फॉलो’ही तिकडेच गेले. म्हणून इंग्रजीत मदत आणि अनुसरण या दोन्ही क्रिया थेट व्यक्तीवर होतात, मधे काही लागत नाही. दुसरी वाट म्हणजे गेलेल्या प्रत्ययाच्या जागी एखादे प्रिपोझिशन उभे करणे. ‘थँक’ने व्यक्तीसाठी पहिली वाट घेतली आणि कारणासाठी दुसरी, म्हणून तिथे ‘फॉर’ आले. ‘लिसन’ बराच काळ दोन्ही वाटांवर चालत होते. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचे कर्म कधी षष्ठीत, कधी चतुर्थीत, कधी द्वितीयेत येई. नंतरच्या शतकांतही काव्यात ते अव्ययाविना येत राहिले. अखेरीस ‘टू’ स्थिर झाले. ‘हिअर’ मात्र कानावर पडण्याच्या अर्थाने आधीपासून द्वितीया घेणारे होते; त्याला जागा भरून काढण्याची गरज पडली नाही. मराठीत दोन्हींना ‘ऐकणे’ पुरते. त्यामुळे ‘लिसन’चा ‘टू’ मराठी विद्यार्थ्याच्या हातून सुटतो.

या बदलात सर्वांत अधिक काम ‘ऑव्ह’च्या वाट्याला आले. मुळात त्याचा अर्थ ‘पासून’, ‘दूर’ असा होता. आज वेगळे समजले जाणारे ‘ऑव्ह’ आणि ‘ऑफ’ हे मुळात एकच शब्द आहेत: जोर देऊन उच्चारला की ‘ऑफ’, जोर न देता उच्चारला की ‘ऑव्ह’. त्यांचे लेखन आणि काम पूर्णपणे वेगळे व्हायला सतरावे शतक उजाडले. नॉर्मन काळात फ्रेंचमधील ‘द’ या अव्ययाचे भाषांतर ‘ऑव्ह’ने होऊ लागले. फ्रेंचमध्ये ‘द’ हे ‘पासून’ही दाखवते आणि ‘चा-ची-चे’ही. इंग्रजीत षष्ठीचा प्रत्यय दुबळा झाला होताच, तेव्हा ‘ऑव्ह’ने ती जागाही घेतली. आज ते इतके षष्ठीचे वाटते की त्याचा जुना अर्थ कोणाला आठवत नाही. पण क्रियापदांनी तो जपून ठेवला आहे. ‘रॉब’, ‘डिप्राइव्ह’, ‘स्ट्रिप’, ‘क्युअर’, ‘रिलीव्ह’, ‘रिड’ या सर्वांनंतर ‘ऑव्ह’ येते, आणि सर्वांत काहीतरी कोणापासून तरी दूर होते: पैसा, हक्क, कपडे, आजार, ओझे. लुटलेल्या माणसापुढे ‘ऑव्ह’ का येत नाही आणि लुटलेल्या वस्तूपुढे का येते, हा मराठी विद्यार्थ्याला हमखास पडणारा प्रश्न आहे. या वाक्यात माणूस कर्म आहे आणि वस्तू त्याच्यापासून सुटून गेलेली आहे. ‘ऑव्ह’ त्या सुटण्याची खूण आहे.

‘विथ’चा प्रवास याहून नाट्यमय आहे. जुन्या इंग्रजीत ‘सह’ या अर्थाचे अव्यय ‘मिड’ होते. ‘विथ’चा प्रमुख अर्थ ‘विरुद्ध’, ‘समोर’ असा होता. उत्तरेकडून आलेल्या लोकांच्या भाषेत त्याच्याशी मिळताजुळता शब्द दोन्ही अर्थांनी चाले, आणि त्यानेही ‘विथ’ला ‘सह’कडे ढकलले असावे. चौदाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ‘मिड’ जवळजवळ नाहीसे झाले. सुईण या अर्थाच्या ‘मिडवाइफ’ शब्दात ते टिकून आहे, कारण सुईण म्हणजे बाळंतिणीसह असणारी स्त्री. ‘विथ’चा मूळ अर्थ ‘विथस्टँड’मध्ये, म्हणजे विरोधात टिकून उभे राहण्यात, दिसतो. ‘फाइट विथ’ आणि ‘आर्ग्यू विथ’मधला ‘विथ’ही त्याच जुन्या पिढीचा आहे. दोन सैन्ये ‘विथ’ने लढली तर ती एकमेकांविरुद्ध लढली की एका बाजूने, हे आजही संदर्भावरून ठरवावे लागते. ही संदिग्धता बाराव्या-तेराव्या शतकात ‘मिड’ हरल्यामुळे आलेली आहे.

कर्मणी प्रयोगातल्या कर्त्यापुढे आज ‘बाय’ लागते. जुन्या इंग्रजीत तिथे ‘फ्रॉम’ किंवा ‘थ्रू’ची पूर्वरूपे चालत, मध्ययुगात ‘ऑव्ह’चे चलन वाढले, आणि ‘बाय’ त्यानंतर जम बसवत गेले. 1611 च्या अधिकृत बायबलमध्ये कर्त्यापुढे ‘ऑव्ह’ वारंवार येतो. शतकानुशतके चर्चमध्ये तेच बायबल वाचले जाई, त्यामुळे बोलण्यातून गेलेली अनेक रूपे कानांना परिचित राहिली. श्रद्धा ठेवण्याच्या ‘बिलीव्ह’नंतर त्याच बायबलमध्ये ‘ऑन’ही आढळतो. आज लॅटिनशी जुळणारा ‘इन’ प्रमाण आहे.

चौदाव्या ते सतराव्या शतकांच्या मध्ये क्रियापद आणि अव्यय यांच्या जोड्या बऱ्याच हलत्या होत्या. कवी चॉसरच्या काळात ‘वेट’नंतर ‘आफ्टर’ चाले. हे क्रियापद नॉर्मन फ्रेंचमधून आले, त्याचा मूळ अर्थ टपून बसणे, पाळत ठेवणे. वाट पाहण्याचा अर्थ पक्का झाला तसा ‘फॉर’ही पक्का झाला. ‘डिपेंड’नंतर फ्रेंचच्या अनुकरणाने ‘ऑव्ह’ लिहिणारे लेखक होते. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये ‘मॅरी’नंतर ‘विथ’ येते, ‘द टेम्पेस्ट’मध्ये ‘मेड’नंतर आज अपेक्षित ‘ऑव्ह’च्या जागी ‘ऑन’ येते. ‘ऑन’ आणि ‘ऑव्ह’ घाईच्या उच्चारात सारखेच आखूड होत, म्हणून त्यांची अदलाबदल सहज घडे. ‘अमक्याशी लग्न’ या मराठी रचनेवरून ‘मॅरी’पुढे ‘विथ’ लावणारा विद्यार्थी आज चुकतो; 1600 च्या सुमारास लंडनमध्ये ती चूक ठरली नसती.

सोळाव्या आणि सतराव्या शतकांत विद्वानांनी लॅटिनमधून शब्दांची मोठी आयात केली. लॅटिन क्रियापदांच्या आरंभी उपसर्ग असतो आणि तो बहुधा मुळात अव्ययच असतो. इंग्रजी लेखकांनी अशा क्रियापदाला सोबत शोधताना त्या उपसर्गाचा इंग्रजी जोडीदार निवडला. ‘अब’ म्हणजे पासून, म्हणून ‘अ‍ॅब्स्टेन फ्रॉम’. ‘अद’ म्हणजे कडे, म्हणून ‘अ‍ॅडहिअर टू’, ‘अ‍ॅडॅप्ट टू’, ‘अ‍ॅटेंड टू’. ‘कोन’ म्हणजे सह, म्हणून ‘कोऑपरेट विथ’, ‘कोइन्साइड विथ’, ‘कोलाइड विथ’. ‘एक्स’ म्हणजे बाहेर, म्हणून ‘एक्स्ट्रॅक्ट फ्रॉम’, ‘एक्स्क्लूड फ्रॉम’. ‘इन’वरून ‘इन्सिस्ट ऑन’, ‘इम्पोझ ऑन’, ‘इन्फ्लिक्ट ऑन’. ग्रीक ‘सिन’ हाही सह, म्हणून ‘सिम्पथाइझ विथ’. संस्कृतातले ‘प्र’, ‘सम्’, ‘अप’, ‘अधि’ हे उपसर्ग शिकलेल्या मराठी वाचकाला ही घडण पटकन उमगते. शंभर जोड्या सुट्या पाठ करण्याऐवजी सहा-सात उपसर्ग ओळखले तर यादीचा मोठा भाग आपोआप उलगडतो, आणि शालेय पुस्तकांनी ही किल्ली विद्यार्थ्याच्या हाती क्वचितच दिली, ही खेदाची गोष्ट आहे.

किल्ली सर्वत्र लागत नाही. ‘डिस्कस’ आणि ‘एंटर’ फ्रेंच-लॅटिन वळणाने थेट कर्म घेतात, तर त्यांचे देशी समानार्थी ‘टॉक अबाउट’ आणि ‘गो इंटू’ अव्यय घेतात. एका अर्थाचे दोन शब्द, एक परदेशी आणि अव्ययाविना, दुसरा देशी आणि अव्ययासह, असे जोड इंग्रजीत पुष्कळ आहेत. ‘डिपेंड’ने तर आपल्या उपसर्गाची आज्ञा सरळ मोडली. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ खाली लोंबणे, ‘द’ म्हणजे पासून. फ्रेंच आजही ‘द’च वापरते. इंग्रजीत मात्र ‘ऑन’ जिंकला. तो का जिंकला हे त्याचे शेजारी पाहिले की कळते: ‘लीन ऑन’, ‘रेस्ट ऑन’, ‘रिलाय ऑन’, ‘काउंट ऑन’. या सगळ्यांत एखाद्या गोष्टीवर भार टाकलेला असतो. अर्थाने जवळ असलेली क्रियापदे एकच अव्यय घेऊ लागतात आणि नवे क्रियापद त्यांच्यात सामील होते. इंग्रजीच्या इतिहासात ही ओढ उपसर्गाच्या ओढीपेक्षा बलवान ठरली आहे. मराठीतही अवलंबून असणे, विसंबणे, भिस्त असणे, भरवसा ठेवणे या साऱ्यांना ‘वर’ लागतो. भार टाकण्याची कल्पना दोन्ही भाषांत स्वतंत्रपणे तेच अव्यय निवडते.

अशीच ‘फॉर’ची एक जमात आहे: ‘वेट’, ‘होप’, ‘लाँग’, ‘आस्क’, ‘सर्च’, ‘लुक’. हवी असलेली गोष्ट यांत अजून हाती आलेली नसते. ‘अ‍ॅट’ची जमात नेम धरणाऱ्यांची आहे: ‘एम’, ‘शूट’, ‘स्टेअर’, ‘ग्लेअर’, ‘लाफ’. या जमातीतला फरक एकाच क्रियापदावर तपासता येतो. चेंडू ‘थ्रो’ करताना ‘टू’ वापरले तर समोरचा तो झेलणार आहे. ‘अ‍ॅट’ वापरले तर तो त्याला लागणार आहे. ‘शाउट’नंतर ‘टू’ आले की दूरच्या माणसाला ऐकू जावे म्हणून ओरडणे, ‘अ‍ॅट’ आले की त्याच्यावर ओरडणे. ‘लुक’नंतर जुन्या इंग्रजीत ‘ऑन’ आणि ‘टू’ची रूपे चालत, नजर ही नेम धरण्याची क्रिया म्हणून समजली गेली तसा ‘अ‍ॅट’ पुढे सरकला आणि ‘लुक ऑन’कडे बाजूला उभे राहून पाहत राहण्याचा अर्थ राहिला.

हलत्या जोड्या स्थिर करण्याचे काम सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात हेतुपूर्वक सुरू झाले. जॉन ड्रायडन हा त्या काळचा सर्वांत वजनदार कवी-समीक्षक. 1672 मध्ये त्याने नाटककार बेन जॉन्सनच्या लेखनातला एक दोष दाखवला: वाक्याच्या शेवटी येणारे प्रिपोझिशन. तो दोष आपल्याही लेखनात आहे हे त्याने तिथेच मान्य केले आणि 1668 च्या आपल्या नाट्यविषयक निबंधाची 1684 मध्ये आवृत्ती काढताना अशी वाक्ये फिरवून लिहिली. इंग्रजी वाक्य बरोबर की चूक अशी शंका आली की आपण ते लॅटिनमध्ये करून पाहतो, असे त्याने 1679 मध्ये नोंदवले आहे. लॅटिनमध्ये अव्यय नामाला सोडून मागे राहूच शकत नाही, इंग्रजीत मात्र ते क्रियापदाला इतके चिकटलेले असते की नाम पुढे निघून गेले तरी ते क्रियापदापाशी थांबते. ही इंग्रजीची जुनी, अंगभूत रचना आहे. लॅटिनच्या मापाने मोजल्यामुळे ती दोष ठरली आणि पुढच्या तीन शतकांतल्या शिक्षकांना एक निराधार नियम मिळाला.

सॅम्युएल जॉन्सनने 1755 च्या कोशात या प्रश्नाला प्रथमच मोठी जागा दिली. कोशाच्या प्रस्तावनेत त्याने एका वर्गाकडे मुद्दाम लक्ष वेधले: साध्या क्रियापदाला छोटे अव्यय लागून अर्थ पूर्ण बदलतो असा वर्ग. ‘कम ऑफ’, ‘ब्रेक ऑफ’, ‘बेअर आउट’ अशी उदाहरणे देऊन, परकीयांना सर्वाधिक अडचण यांचीच होते आणि म्हणून आपण ती काळजीपूर्वक नोंदली आहेत, असे तो सांगतो. या वर्गाला आज ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. हे नाव लोगन पिअरसल स्मिथ याच्या 1925 च्या पुस्तकामुळे रूढ झाले आणि ते ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचे त्याने लिहिले आहे. हा वर्ग प्रिपोझिशन घेणाऱ्या क्रियापदांहून वेगळा असतो. ‘इट’सारखे सर्वनाम ‘लुक अ‍ॅट’मध्ये अव्ययानंतर येते, ‘टर्न ऑफ’मध्ये मात्र दोहोंच्या मधे शिरते. दुसऱ्या उदाहरणातला ‘ऑफ’ क्रियाविशेषणासारखा वागतो, पहिल्यातला ‘अ‍ॅट’ नामाला बांधलेला राहतो. जॉन्सनही लॅटिनच्या मोहातून पूर्ण सुटला नव्हता. ‘अव्हर्स’ या विशेषणाच्या उपसर्गात ‘पासून’ आहे म्हणून त्याने ‘फ्रॉम’ योग्य आणि ‘टू’ अयोग्य ठरवले. इंग्रजीने ‘टू’ ठेवला.

रॉबर्ट लोथच्या 1762 च्या व्याकरणात तळटीपा भरगच्च आहेत. स्विफ्ट, अ‍ॅडिसन, पोप अशा मान्यवरांची वाक्ये घेऊन त्यांनी कोणते अव्यय चुकीचे वापरले हे तो दाखवतो. वाक्यान्ती अव्यय ठेवणे बोलण्यात चालते, गंभीर लेखनात ते आधी ठेवणे अधिक शोभते, एवढेच त्याने म्हटले होते. नंतरच्यांनी त्याचे निषेधात रूपांतर केले. मूळ अमेरिकन आणि इंग्लंडमधल्या यॉर्कला स्थायिक झालेल्या लिंडली मरी याने 1795 मध्ये मुलींच्या एका शाळेसाठी व्याकरण लिहिले आणि 1797 मध्ये त्याला जोडून चुकीची वाक्ये दुरुस्त करण्याचे स्वाध्याय दिले. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शिकणाऱ्या जगात या पुस्तकांच्या अगणित प्रती फिरल्या. चुकीचे वाक्य द्यायचे, अव्यय बदलायला लावायचे आणि कारण विचारायचे नाही, ही पद्धत तिथून रुळली.

हीच पद्धत भारतात आली. 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर मॅट्रिकची परीक्षा हा नोकरीचा आणि उच्च शिक्षणाचा दरवाजा झाला आणि तो इंग्रजीतून उघडत असे. उत्तर भारतात शिक्षण खात्यात काम केलेले जे. सी. नेसफील्ड यांची व्याकरणमाला 1890 च्या दशकापासून शाळा-कॉलेजांत पसरली. तिच्यानंतर आलेले रेन आणि मार्टिन यांचे पुस्तक आजही विकले जाते. त्यातले पी. सी. रेन 1903 ते 1917 या काळात भारतात शिक्षण सेवेत होते आणि पुढे ‘बो जेस्ट’ या कादंबरीने प्रसिद्ध झाले. अशा पुस्तकांत अमक्या शब्दानंतर अमके प्रिपोझिशन अशा याद्या असतात. यादी वर्णानुक्रमे लावली तर शोधणे सोपे होते, पण ‘डिपेंड’ आणि ‘रिलाय’ पानांनी दूर जातात, ‘अ‍ॅब्स्टेन’ आणि ‘एक्स्क्लूड’ यांचे नाते दिसेनासे होते. महाराष्ट्रात तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर अनेक पिढ्यांनी इंग्रजी गिरवले. मराठी वाक्य घ्यायचे आणि इंग्रजीत उतरवायचे, या रीतीत विद्यार्थी दोन भाषांच्या फरकाला थेट भिडतो. ‘मुलावर रागावणे’तला ‘वर’ इंग्रजीत ‘ऑन’ होत नाही आणि ‘घरी पोहोचणे’ला ‘रीच टू’ लागत नाही, हे तिथे हाताखालून जाते. यादीपेक्षा ही रीत अधिक खोल रुजणारी होती.

विसाव्या शतकातली निर्णायक प्रगती लंडनमध्ये झाली नाही, ती टोकियोत झाली. हॅरल्ड पामर याने 1923 मध्ये तिथे इंग्रजी अध्यापनाची संशोधनसंस्था उभारली आणि जपानी विद्यार्थ्यांना नेमके काय अडते याचा पद्धतशीर शोध घेतला. क्रियापदाचा अर्थ कळला तरी वाक्य करता येत नाही, कारण त्याच्यापुढे काय येते हे कोश सांगत नाही, हे त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ओळखले. 1924 मध्ये जपानात आलेल्या ए. एस. हॉर्नबीने गेटनबी आणि वेकफिल्ड यांच्यासह या कामातून एक कोश तयार केला. तो 1942 मध्ये, ब्रिटन आणि जपान युद्धात एकमेकांसमोर उभे असताना, टोकियोतच छापला गेला. 1948 मध्ये ऑक्सफर्डने तो आपल्या नावाखाली पुन्हा प्रसिद्ध केला. आज भारतातल्या घराघरात असलेला विद्यार्थ्यांचा ऑक्सफर्ड कोश त्याचाच वंशज आहे. त्यात क्रियापदांच्या रचनांचे पंचवीस साचे ठरवून प्रत्येक क्रियापदाला साच्याचा क्रमांक दिला होता. विद्यार्थ्याला अर्थासोबत वापर दिसू लागला. इंग्रजीच्या परकीय विद्यार्थ्यासाठी याहून उपकारक पुस्तक त्या शतकाने दिले नाही, असे म्हणता येईल.

त्याच सुमारास केंब्रिजचा सी. के. ऑग्डन उलट्या दिशेने निघाला होता. 1930 मध्ये त्याने 850 शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ मांडली. तीत क्रियापदे अवघी 18. बाकी सर्व क्रिया या मोजक्या क्रियापदांना अव्यये जोडून सांगायच्या होत्या. पाठ करायचे शब्द कमी झाले, पण कठीण भाग कमी झाला नाही. ‘पुट’ आणि ‘गेट’ यांच्यानंतरच्या अव्ययांवर सगळा भार पडला, आणि विद्यार्थ्याला सर्वांत अवघड वाटणारा भागच त्या योजनेचा पाया झाला.

संगणक आल्यावर प्रश्नाचे स्वरूप बदलले. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर याच्या मार्गदर्शनाखाली 1980 च्या दशकात प्रत्यक्ष लेखन आणि संभाषण यांतले लाखो शब्द एकत्र करून कोबिल्ड हा कोश 1987 मध्ये निघाला. व्याकरणकाराच्या मते काय यावे हे त्यात गौण होते. लोक काय वापरतात याच्या मोजणीवर कोश उभा होता. त्याच प्रकल्पातून 1996 मध्ये क्रियापदांच्या रचनांवर एक स्वतंत्र ग्रंथ आला. त्यात एकाच प्रिपोझिशनची सोबत घेणारी क्रियापदे एका ठिकाणी आणून अर्थानुसार गटांत लावली आहेत, आणि पानोपानी दिसते की एक रचना घेणारी क्रियापदे अर्थानेही एकमेकांची नातेवाईक असतात. वर्णानुक्रमाने तुटलेली नाती तिथे पुन्हा जुळली.

जोड्या अजूनही हलतात. अमेरिकेत ‘प्रोटेस्ट’ थेट कर्म घेते, ब्रिटनमध्ये ‘अगेन्स्ट’ लागते. उलट ब्रिटनमध्ये ‘अग्री’ एखाद्या योजनेला थेट चिकटू लागले आहे. ‘टायर्ड ऑव्ह’च्या शेजारी बसून ‘बोअर्ड’ही तरुणांच्या बोलण्यात ‘विथ’ सोडून ‘ऑव्ह’ घेऊ लागला आहे. अर्थाने जवळच्या शब्दांची एकमेकांकडची जुनी ओढ इथेही काम करते आहे. ‘डिस्कस अबाउट’ भारतात ऐकू येते, तसेच सिंगापूर आणि नायजेरियातही ऐकू येते. तिन्ही ठिकाणच्या बहुतेक बोलणाऱ्यांच्या मातृभाषा एकमेकींना अनोळखी आहेत. ‘टॉक अबाउट’ आणि नाम म्हणून येणारे ‘डिस्कशन अबाउट’ हे दोन शेजारी त्या क्रियापदाला सगळीकडे सारख्याच दिशेने खेचतात. परीक्षक ती चूक मानतात आणि प्रमाण इंग्रजीच्या कोशांत ती रचना अजून आलेली नाही.